त्या बातमीत एक शब्द राहिला

मा. संपादक,

स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत ४७व्या वर्षी जुळ्यांची आई झालेल्या अभिनेत्रीवर अर्धं पान होतं, मोठा फोटो आणि वर हेडिंग, 'वय हा फक्त आकडा'. मी ते तीनदा वाचलं. योगा आहे, डाएट आहे, पॉझिटिव्ह विचार आहेत, नवऱ्याची साथ आहे, फक्त एक शब्द कुठेच सापडला नाही. डोनर एग. म्हणजे दुसऱ्या बाईने दिलेलं स्त्रीबीज.

आधीच सांगून टाकते, त्या बाईंनी काय केलं हे मला माहीत नाही आणि त्यांनी ते सांगावं असंही माझं म्हणणं नाही, तो त्यांचा खासगी प्रश्न आहे. कदाचित त्यांनी तरुणपणीच स्वतःची बीजं गोठवून ठेवली असतील, तेही होतं हल्ली. पण तुम्ही पेपर आहात ना? तुम्ही त्यांच्याबद्दल एक अक्षर न लिहिता सुद्धा खाली चौकटीत एवढं लिहू शकला असता की बाईची स्वतःची बीजं वापरून पंचेचाळिशीनंतर आयव्हीएफने, म्हणजे टेस्ट ट्यूब पद्धतीने, मूल होण्याची शक्यता शंभरात एक-दोन किंवा त्याहूनही कमी असते, आणि या वयात होणारी आयव्हीएफची बरीचशी मुलं डोनर एगची नाहीतर आधी गोठवलेल्या बीजांची असतात. दोन ओळी. त्या दोन ओळी नव्हत्या म्हणून हे एवढं मोठं पत्र.

कारण अशीच एक बातमी मी स्वतः कापून ठेवली होती, फ्रीजवर मॅग्नेटखाली. तेव्हा मी ३७ची होते. ती पण कुणीतरी नटीच, ती पण पंचेचाळिशीची. रोज सकाळी दूध काढताना ती दिसायची आणि मला वाटायचं अजून आठ वर्षं आहेत आपल्याकडे, कशाला घाबरायचं.

आठ वर्षं नव्हती. खरं तर एकही नव्हतं, पण ते मला कुणी सांगितलंच नव्हतं. बारावीपर्यंत सायन्सला होते मी आणि तरी बाईच्या बीजांचा हिशोब मला माहीत नव्हता, लाज वाटते सांगायला. मुलगी आईच्या पोटात वीसेक आठवड्यांची असते ना, तेव्हा तिच्याकडे साठ-सत्तर लाख बीजं असतात, आणि तो तिच्या आयुष्यातला सगळ्यात श्रीमंत दिवस. जन्माला येते तेव्हा दहा-वीस लाख उरतात, पाळी सुरू होते तेव्हा तीन-चार लाख, सदतिशी-अडतिशीला पंचवीस हजाराच्या आसपास आणि पाळी जाताना हजारभर. नवीन एकही तयार होत नाही, एकदाच मिळालेली ठेव, मोडून मोडून खायची. आयुष्यभरात पिकून बाहेर पडतात ती जेमतेम चारशे-पाचशे, बाकीची आपोआप विरून जातात, तुम्ही गोळ्या घ्या, गरोदर राहा, पथ्य पाळा, काहीही करा. आणि जी उरतात त्यातही वय वाढेल तशी गुणसूत्रांची गडबड वाढत जाते, म्हणून दिवस राहत नाहीत किंवा राहिले तरी गर्भ पडतो. योगाने माझी पाठ छान झाली, बीजं नाही.

माझा एएमएच आला ०.४, म्हणजे फार कमी. हा एएमएच म्हणजे रक्ताची तपासणी, साठा किती शिल्लक आहे याचा अंदाज, माल चांगला आहे की वाईट ते तो सांगत नाही, हेही मला फार उशिरा कळलं. मग आयव्हीएफच्या तीन सायकल, म्हणजे तीन प्रयत्न. पहिल्या सायकलला दोन बीजं मिळाली आणि एकही फलित झालं नाही, दुसरी मध्येच कॅन्सल कारण फॉलिकल, म्हणजे ज्यात बीज पिकतं त्या पिशव्या, वाढेचनात, तिसऱ्या वेळी तीन बीजं, एक एम्ब्रियो म्हणजे गर्भ, तो तिसऱ्या दिवशी वाढायचा थांबला. फोनवर लॅबची मुलगी म्हणाली, मॅडम अरेस्ट झाला. मला आधी कळेचना कोणाला अरेस्ट झाली.

त्यानंतर डॉक्टरांनी फाइलमध्ये बघत बघत सांगितलं की आता आपण दुसऱ्या ऑप्शनचा विचार करू. कुठला दुसरा ऑप्शन ते म्हणाले नाहीत आणि आम्ही विचारलं नाही, दोघंही मान हलवून बाहेर आलो. बाहेर कॉरिडॉरमध्ये सिस्टर इंजेक्शनचं बिल देताना अगदी सहज म्हणाली, मग डोनरचं करणार का मॅडम? म्हणजे तो शब्द पहिल्यांदा माझ्या कानावर पडला तो तिच्याकडून. इतकी वर्षं झाली, मी अजून त्या सिस्टरची आभारी आहे, कारण निदान ती एकटी तरी नीट मराठीत, म्हणजे नीट इंग्लिशमध्ये बोलली.

घरी येऊन मी रडले ते मूल होणार नाही म्हणून नाही. माझी आई तेव्हा जाऊन दोन वर्षं झाली होती. तिचं नाक जरा बसकं, हसली की डावा डोळा आधी मिटायचा, मोठी मावशी तशीच आणि मीही तशीच. माझ्या डोक्यात कुठेतरी होतं की हे पुढे जाईल. हे मी कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, मला स्वतःलाच माहीत नव्हतं मला ते इतकं हवंय. मूल मिळत होतं आणि आई परत एकदा जात होती, असं काहीतरी ते होतं, मला अजून नीट सांगता येत नाही.

नवरा मात्र दोन मिनिटांत तयार. करूया की, काय हरकत आहे. मला इतका राग आला होता त्याचा! त्याचं काय जात होतं? त्याचं बीज, त्याचं नाक, त्याचे आजोबा सगळे शाबूत. पुढे कित्येक महिन्यांनी भांडणात मी हे म्हणाले तेव्हा तो म्हणाला, मला वाटलं मी जर जरा जरी थांबलो तर तुला वाटेल मला तू कमी वाटतेस. तेही खरंच असेल. पण ते दोन मिनिटांत नसतं बोलायचं, ज्या कुणा पुरुषाच्या घरी हे चालू असेल त्याला एवढंच सांगते, दोन दिवस तरी घ्या.

आम्ही आठ महिने काहीच केलं नाही. सगळे म्हणत होते वय जातंय, वय जातंय. यातली गंमत अशी की डोनर एगच्या बाबतीत तेवढी घाई नसते. गर्भपिशवी बीजांसारखी झपाट्याने म्हातारी होत नाही. १९९०मध्ये अमेरिकेतल्या सावर, पॉल्सन आणि लोबो या डॉक्टरांनी चाळिशी उलटलेल्या, स्वतःची बीजं संपलेल्या बायकांना तरुण बायकांची बीजं देऊन त्यांचे निकाल छापले आणि दाखवून दिलं की अडचण पिशवीची नाही, बीजाच्या वयाची आहे. त्याच्या आधी १९८३-८४च्या सुमारास ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत पहिली डोनर एगची मुलं जन्मली होती, म्हणजे पहिली टेस्ट ट्यूब बेबी १९७८ची, त्यानंतर पाच-सहा वर्षांतच. चाळीस वर्षं झाली या गोष्टीला! आणि तुमच्या पुरवणीत अजून 'चमत्कार'. चांगल्या सेंटरमध्ये दर ट्रान्सफरमागे, म्हणजे एम्ब्रियो पिशवीत सोडण्यामागे, साधारण निम्म्या वेळा यश येतं असं धरतात आणि घेणारीचं वय ३८ आहे का ४४ त्याने त्यात फारसा फरक पडत नाही, देणारीच्या वयाने पडतो. तेव्हा त्या आठ महिन्यांत माझं काही गेलं नाही, उलट रडून झालं, भांडून झालं, आणि मग मी जी तयार झाले ती मनापासून झाले. समुपदेशक बाईंकडे चार वेळा गेलो, पहिल्या दोन वेळा मी नुसती गप्प बसले होते.

लोक विचारतात मग दत्तकच का नाही घेतलं. विचारणाऱ्यांनी स्वतः किती घेतलीत तेवढं सांगावं, मग मी उत्तर देईन.

आता त्या मुलीबद्दल. मुलगीच म्हणते मी तिला, २६ वर्षांची होती. तुमच्या बातम्यांमध्ये ती कधीच नसते म्हणून जरा सविस्तर लिहिते. तिला दहा-बारा दिवस रोज पोटात इंजेक्शन, दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी, मग बीजं शेवटची पिकवणारं ट्रिगरचं इंजेक्शन, त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी भूल देऊन योनीमार्गातून सुईने बीजं काढतात. पाच-दहा सेकंदात स्पर्म डोनेशनशी तुलना करून मोकळे होतात लोक, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. काही जणींना ओव्हरी प्रमाणाबाहेर सुजायचा त्रास होतो, पोटात पाणी होतं, क्वचित ॲडमिट करावं लागतं. हल्ली औषधं बदलून हा धोका बराच कमी करतात पण शून्य नाही. आणि हे सगळं ती स्वतःसाठी करत नसते.

मला तिच्याबद्दल जे कळलं ते एका कागदावर मावलं. वय, उंची, रक्तगट, शिक्षण, केस, डोळे. मला फॉर्म भरायला दिला त्यात तुम्हाला कशी हवी असे रकाने होते. उंचीपुढे मी काहीतरी लिहिलं आणि मग माझा हात थांबला, वाटलं आपण हे काय करतोय, कपाट घेतोय का? शेवटी आरोग्याची माहिती आणि रक्तगट सोडून बाकी सगळं कोरं ठेवलं. बरं-वाईट माहीत नाही, तेव्हा जमलं नाही एवढंच. तिने पैशासाठी केलं का मनापासून का दोन्हीसाठी, हे मला कधीच कळणार नाही. पैशासाठी केलं असेल तरी तिच्याकडे नाक मुरडायचा हक्क मला नाही, घेणारी तर मीच होते ना. पण तिच्यावर जबरदस्ती झालेली नाही, तिला धोके नीट समजावलेत, नंतर काही त्रास झाला तर बघायला कुणी आहे, हे घेणाऱ्याने विचारलंच पाहिजे. मी विचारलं नव्हतं. मला तेव्हा फक्त माझं मूल दिसत होतं.

याबाबत देशोदेशीचे कायदे इतके वेगळे आहेत की वाचताना चक्रावायला होतं. जर्मनीत १९९०च्या कायद्याने बीजदानाला बंदी. स्पेनमध्ये चालतं पण देणारीचं नाव गुप्त. ब्रिटनमध्ये १ एप्रिल २००५पासून नियम आला की मूल १८ वर्षांचं झालं की त्याला दात्याची ओळख मागता येते, म्हणजे ती मुलं आता २०२३पासून मोठी व्हायला लागलीयेत. भारतात २०२१च्या कायद्याने एक बाई आयुष्यात एकदाच बीजदान करू शकते. कोण बरोबर कोण चूक यात मी शिरत नाही, फक्त एक सांगते, हे सगळे कायदे मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांच्या सोयीने केलेत, ब्रिटनचा त्यातल्या त्यात मुलाच्या बाजूने विचार करतो, आणि मला आज वाटतं आमच्या वेळी तसं काही असतं तर बरं झालं असतं. का ते पुढे येईलच.

मला दोन-अडीच आठवडे इस्ट्रोजेन या हार्मोनच्या गोळ्या, गर्भपिशवीचं अस्तर आठ मिलिमीटर झाल्यावर प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन, आणि मग पाचव्या दिवसाचा एक एम्ब्रियो. दोन घालू का असं विचारलं होतं, आम्ही नको म्हटलं, ते आमच्या आयुष्यातल्या मोजक्या शहाणपणाच्या निर्णयांपैकी एक. जुळी दिसायला गोड असतात पण चाळिशीच्या बाईच्या शरीराला ती फार महाग पडतात, त्यात डोनर एगच्या गरोदरपणात बीपी वाढायचा धोका तसाही जास्त असतो, हे पण तुमच्या त्या अर्ध्या पानात यायला हवं होतं. मला ३३व्या आठवड्यात प्रीएक्लेम्पसिया, म्हणजे गरोदरपणात बीपी धोकादायक वाढायचा आजार, झालाच. ३६व्या आठवड्यात सिझर. दोघी वाचलो, म्हणून आता हे गमतीत लिहितेय.

पण त्याच्या आधी तिसऱ्या महिन्यात जे झालं ते सांगायलाच हवं, कारण ते निव्वळ न बोलण्याने झालं. डबल मार्कर नावाची टेस्ट असते, बाळाला डाऊन सिंड्रोमची शक्यता किती ते रक्त, सोनोग्राफी आणि आईचं वय यावरून काढतात. रिपोर्ट आला, हाय रिस्क. तीन रात्री आम्ही झोपलो नाही. नवरा नेटवर वाचत बसला, मी भिंतीकडे तोंड करून पडून. चौथ्या दिवशी माझ्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि विचारलं, वय कोणाचं टाकलं? माझं टाकलं होतं, ४०. टाकायचं असतं बीज देणारीचं, बीज काढलं तेव्हाचं. कारण ती शक्यता बीजाच्या वयावर चालते, चाळिशीला साधारण शंभरात एक आणि पंचविशीला बाराशेत वगैरे एक. वय बदलून परत हिशोब केला, लो रिस्क. तीन रात्री फुकट.

सेंटरचं चुकलं, त्यांच्या फॉर्मवर तसा रकानाच नव्हता आणि कुणी विचारलंही नाही. पण आमचं जास्त चुकलं. टेक्निशियनने विचारलं होतं, आयव्हीएफ आहे का? आम्ही हो म्हटलं आणि पुढचं गिळलं, कारण शेजारच्या खुर्चीवर आणखी कुणीतरी बसलं होतं. ज्या बायका आता डोनर एगवर गरोदर असतील त्यांनी कृपा करून हे वाक्य तरी लक्षात ठेवा: कुठल्याही जनुकीय चाचणीच्या फॉर्मवर डोनर एग असं लिहा, देणारीचं वय लिहा, एनआयपीटी (आईच्या रक्तातून बाळाचा डीएनए तपासायची टेस्ट) करत असाल तर तिथे तर नक्कीच, त्यातल्या काही पद्धतींचा हिशोब आईच्या जनुकांवर चालतो. आणि पुढे बाळाच्या डॉक्टरांनी 'आईकडे कोणाला डायबेटीस, कोणाला कॅन्सर?' विचारलं की आपल्या माहेरची यादी वाचू नका. मी एकदा वाचली होती. सवयीने.

त्या नऊ महिन्यांत लोकांनी, म्हणजे ज्या तीन माणसांना माहीत होतं त्यांनी, मला धीर द्यायला खूप काय काय सांगितलं. रक्त तर तुझंच जातंय ना त्याच्यात. नाही जात. आई आणि बाळ यांचं रक्त एकमेकांत मिसळत नाही, वार मधे असते, तिच्यातून ऑक्सिजन आणि अन्न जातं. मग एक आलं एपिजेनेटिक्स, तुझ्या पोटात वाढलं की जीन तुझ्यासारखे होतात. असं पण नसतं. पोटातल्या वातावरणाने कुठले जीन किती बोलतात यावर परिणाम होतो, त्यावर खरंच काम चाललंय, पण जीन देणारीचेच राहतात, मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा देणारे भाग, पण तिचेच. मला या गोळ्या नकोच होत्या. हे मूल जनुकांनी माझं नाही, हे एकदा सरळ गिळलं की बरं वाटतं, पण त्यावर साखर लावत बसलं तर ते घशातच राहतं.

तर मुलगी झाली. आणि पहिल्याच आठवड्यात सुरू झालं, कोणावर गेलीये? आपल्याकडे बाळ बघायला आलेला माणूस हा प्रश्न विचारल्याशिवाय उठतच नाही. कपाळ बाबांचं, बोटं आत्याची, बरं मग आईचं काय? आणि माझी नणंद, तिला बिचारीला काहीही माहीत नव्हतं, बाळाच्या तोंडाकडे नीट बघून म्हणाली, वहिनी, नाक बघा, डिट्टो तुमच्या आईचं! मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि हसले का रडले ते आज विचारू नका. नाक सगळ्याच बाळांचं बसकं असतं म्हणा.

सांगायचं का लपवायचं यावर आमच्यात वर्षभर वाद होता. नवऱ्याचं म्हणणं, कशाला, तिला काय फरक पडतो. मला वाटायचं मोठी झाल्यावर, अठराव्या वर्षी, शांतपणे बसवून सांगू. मग मी केंब्रिजच्या सुझन गोलोम्बोक यांच्या कामाबद्दल वाचलं. त्यांनी डोनरच्या मदतीने आणि सरोगसीने झालेल्या मुलांची कुटुंबं मुलं तान्ही असल्यापासून वीस वर्षांची होईपर्यंत बघितली आणि २०२३मध्ये निकाल छापला. ही मुलं बाकीच्यांसारखीच बरी असतात, घरात जनुकाचा धागा नाही म्हणून काही बिघडत नाही, आणि ज्यांना सात वर्षांच्या आत सांगितलं गेलं त्यांचं आईशी नातं कमी कडवट आणि त्यांच्या आयांचं मन जास्त बरं राहिलेलं दिसलं. अठराव्या वर्षी शांतपणे बसवून सांगणं म्हणजे पोरीच्या पायाखालची फरशी काढून घेणं, हे मला तो अहवाल यायच्या आधीच, त्यांच्या जुन्या लेखांवरून पटलं होतं. आणि लपवणार तरी कसं? शाळेत रक्तगटाचा धडा येतोच, आई-बाबा दोघं ओ आणि मूल ए असं होऊ शकत नाही हे चौदा वर्षांच्या मुलाला कळतं. रक्तगट जुळवून घेतला म्हणून निर्धास्त असलेल्यांसाठी आता डीएनए किट आहेत, थुंकी भरून पोस्टाने पाठवायची आणि काही आठवड्यांत सावत्र भावंडांची यादी येऊ शकते. अमेरिकेत २०००पासून एक डोनर सिब्लिंग रजिस्ट्री चालते, वेंडी क्रेमर आणि त्यांच्या मुलाने सुरू केली, एकाच दात्याची मुलं तिथे एकमेकांना शोधतात. ज्या कुणी क्लिनिकने कुणाला 'हे कधीच कळणार नाही' असं सांगितलं असेल त्याने तेव्हाही ते सांगायला नको होतं.

आम्ही तिला साडेतीन वर्षांची असताना सांगितलं. बाळ व्हायला एक बाबांकडचं बी लागतं आणि एक आईकडचं, आईकडची संपली होती, मग एका मावशीने तिच्यातलं एक दिलं, मग तू माझ्या पोटात वाढलीस. ती म्हणाली, मग तिला परत द्यायचं का? मी म्हटलं नाही गं, दिलं ते दिलं. बरं, म्हणाली आणि खेळायला गेली. मी तिथेच अर्धा तास बसून होते.

पण सगळं असं गोड नसतं. सहाव्या वर्षी तिने विचारलं, मावशीचं नाव काय? मला माहीत नाही. कुठे राहते? माहीत नाही. तिला मी माहितीये का? माहीत नाही. तीन प्रश्नांना तीन वेळा माहीत नाही म्हणणारी आई तिने पहिल्यांदा बघितली असेल. म्हणून मी ब्रिटनच्या कायद्याबद्दल तसं लिहिलं. माझ्यासाठी तो एक कागद होता, तिच्यासाठी ते अर्धं उत्तर आहे आणि ते मी तिला देऊ शकत नाही.

सासूबाईंना आम्ही सांगितलं नव्हतं, नवऱ्याची हिंमत नव्हती आणि माझी इच्छा नव्हती. ते काम नातीने केलं, पाचव्या वर्षी, घर माणसांनी भरलेलं असताना, आजीच्या मांडीवर बसून खणखणीत आवाजात. आजी, मला करायला एका मावशीने बी दिलं होतं, तुला माहितीये? सगळे गप्प. सासूबाई पण गप्प, दोन दिवस गप्प. मी मनातल्या मनात सगळी उत्तरं तयार करून ठेवली होती, अगदी धारदार. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, त्या पोरीला मग दुखलं असेल का गं फार? नंतर कुणी होतं का तिच्याजवळ?

मला याचं उत्तर पण माहीत नव्हतं. पाच वर्षांत मी एकदाही हा विचार केला नव्हता आणि डोनर एग हा शब्द आयुष्यात न ऐकलेल्या बाईला तो दोन दिवसांत सुचला. तेव्हापासून आमचं त्यांच्याशी जरा बरं जमतं, म्हणजे मीठ कमी-जास्तवरून होतं अजून, पण ते वेगळं.

असो, फार लांबलं. माझी मागणी छोटी आहे. पुढच्या वेळी अशी बातमी छापाल, आणि छापालच, तेव्हा खाली त्या दोन ओळी टाका. 'परकं बीज', 'उसनं मातृत्व', 'खरी आई कोण' असली हेडिंगं देऊ नका, माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे आणि हेडिंगं वाचते. क्लिनिकच्या जाहिराती घेता तेव्हा अमुक टक्के यश म्हणजे कशाचं यश, नुसती टेस्ट पॉझिटिव्ह का घरी आलेलं बाळ, आणि स्वतःच्या बीजांचं का डोनरच्या, एवढं त्यांना छापायला लावा. आणि पुरवणीत कधी जागा उरली तर बीज देणाऱ्या एखाद्या मुलीशी बोला, तिचं नाव-गाव न देता, मला ते वाचायचंय.

पत्राखाली नाव छापू नये. तुम्ही म्हणाल, एवढं सगळ्यांना बोला बोला सांगते आणि स्वतः निनावी? घरी, नातेवाइकांत, डॉक्टरांकडे मी कुणापासून काही लपवत नाही. पण पेपरात नाव आलं की ते तिचंही नाव होतं आणि ही गोष्ट माझ्यापेक्षा तिची जास्त आहे. मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली टाक की, आणि माझा फोटो पण टाक, तो सायकलवरचा. नऊ वर्षांच्या मुलीचं हो धरायचं नसतं, म्हणून नाही टाकत. फोटोवरून ती अजून माझ्याशी बोलत नाहीये.

आपली,
एक वाचक